निघालो, निघालो आणि कोपऱ्यावरच बुडालो



सुट्टीला निघण्याच्या दिवशी सकाळी आपल्या घरांत काय चालते, ते तुम्हाला वेगळे सांगायला नको. सहाला निघायचे ठरलेले असते. सातला डबे भरून होतात. साडेसातला सगळे गाडीत बसतात आणि तेवढ्यात कुणाला तरी गॅसचे बटण आठवते. एक जण खाली उतरतो. तो परत येईपर्यंत धाकट्याला तहान लागते, पाण्याची बाटली मात्र ओट्यावर राहिलेली असते. शेजारच्या खाला दारात उभ्या असतात. त्यांना तीनदा खुदा हाफिज करून झालेले असते, चौथ्यांदा करताना आपल्यालाच लाज वाटते. मग घरातले कुणी तरी मोठ्या आवाजात म्हणते, "मी कालच सांगितलं होतं!" या एका वाक्यानंतर पहिले वीस किलोमीटर गाडीत कुणी कुणाशी बोलत नाही.

हे सगळे पंचाण्णव वर्षांहून जास्त काळापूर्वी कुणी तरी हुबेहूब पडद्यावर आणून ठेवले आहे, हे मला गेल्या वर्षी कळले. चित्रपटाचे नाव 'परफेक्ट डे'. म्हणजे अगदी मनासारखा दिवस. लांबी जेमतेम वीस मिनिटे. मुलांना सुट्टी लागली होती, बाहेर ऊन मी म्हणत होते आणि मोबाइल कुणाच्या हातात जायचा यावरून रोज भांडण व्हायचे. आमच्या ह्यांनी एका दुपारी टीव्हीवर हा लघुपट लावला. अब्बा, म्हणजे माझे सासरे, आरामखुर्चीत बसले होते. त्या वीस मिनिटांनी आमच्या घरात जे झाले, ते सांगण्यासाठी हा लेख. पण आधी चित्रपट.

या चित्रपटातली जोडी आपल्या महाराष्ट्राला परकी नाही. स्टॅन लॉरेल आणि ऑलिव्हर हार्डी ही त्यांची खरी नावे पुष्कळांना ठाऊक नसतील, पण 'जाड्या-रड्या' म्हटले की तीन पिढ्यांच्या चेहऱ्यावर हसू येते. जाड्या म्हणजे हार्डी. मोठे पोट, छोटी मिशी, आपणच शहाणे असा रुबाब. काही बिघडले की तो सरळ कॅमेऱ्याकडे, म्हणजे आपल्याकडे बघतो. "बघताय ना, मला काय सहन करावे लागते ते?" असे जणू विचारतो. रड्या म्हणजे लॉरेल. बारीक अंगाचा, डोके खाजवणारा, जरा कुणी रागावले की तोंड वेडेवाकडे करून लहान मुलासारखा रडणारा. लॉरेल इंग्लंडमधला, जन्म १८९०. हार्डी अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातला, जन्म १८९२. पडद्यावर हार्डी हुकूम सोडायचा, पण विनोद रचण्याचे काम बरेचसे लॉरेल करायचा. हार्डी १९५७ मध्ये वारला. लॉरेल त्यानंतर सात-आठ वर्षे जगला, पण त्याने पुन्हा एकाही चित्रपटात काम केले नाही. जोडीदाराविना काम करणे त्याला मानवले नाही.

'परफेक्ट डे' ऑगस्ट १९२९ मध्ये आला. निर्माता हॅल रोच, दिग्दर्शक जेम्स पॅरट. चित्रपट नुकतेच बोलू लागले होते. या जोडीचा पहिला बोलपट त्याच वर्षी मे महिन्यात आला होता. गोष्ट म्हणाल तर एका ओळीची आहे. रविवारी सकाळी दोन जोडपी, एक आजारी काका आणि एक कुत्रा असे सगळे मिळून जुन्या फोर्ड गाडीतून सहलीला निघतात. बस्स, एवढेच.

गंमत अशी, की मुळात सहलीच्या जागी पोहोचल्यावरचे प्रसंगही ठरलेले होते. पण चित्रीकरण सुरू झाले आणि घरातून निघण्याच्या गोंधळातच इतकी मजा सापडत गेली, की पुढचा भाग सोडूनच दिला. विनोद निघण्यातच आहे, हे त्यांच्या लक्षात आले. संसार केलेल्या माणसाला हे पटवून द्यावे लागत नाही.

सुरुवात स्वयंपाकघरापासून होते. सहलीसाठी सँडविच करणारे दोघेही पुरुष आहेत. बायका तयार होऊन बसल्या आहेत. मी ते दृश्य पाहून ह्यांच्याकडे पाहिले. ह्यांनी टीव्हीकडे पाहिले. आपल्याकडे सहलीच्या दिवशी पहाटे चारला उठून कबाब तळणारी, पराठे बांधणारी, मुलांचे कपडे भरणारी बाई गाडी सुरू होताच मान टाकून झोपते. मग सगळे म्हणतात, "हिला काही हौसच नाही." असो. तर ताट भरते, सँडविच रचून होतात, आणि दोघे एका दारातून जाताना दाराचा धक्का लागून ताट हवेत. सगळे सँडविच जमिनीवर. लगेच "तुझ्यामुळे", "नाही, तुझ्यामुळे" सुरू. हातघाईवर येतात. बायका मध्ये पडतात, आज रविवार आहे, पवित्र दिवस आहे याची आठवण देतात. दोघे शरमतात, माफी मागतात, सलोखा करतात. तो सलोखा किती टिकणार, हे बघणाऱ्याला लगेच कळते.

काकाची भूमिका एडगर केनेडी याने केली आहे. राग आतल्या आत शिजत जाऊन शेवटी उतू जावा, असा चेहरा करण्यात हा नट वाकबगार होता. या काकाला गाऊट आहे. गाऊट म्हणजे युरिक ॲसिड वाढून सांधे सुजण्याचे दुखणे. पायाचा अंगठा तर असा ठणकतो, की चादरीचा स्पर्शही नकोसा होतो. काकाच्या पायाला उशीएवढे मोठे बँडेज बांधले आहे. चित्रपटभर त्या पायाचे हाल होतात. कुत्रा त्यावर झडप घालतो. गाडीचे दार त्यावर आपटते. कुणी ना कुणी त्यावर धडपडते. प्रत्येक वेळी काका ओरडतो, प्रत्येक वेळी इतर चार जण दचकतात आणि प्रत्येक वेळी पुन्हा सगळे विसरतात.

आता गाडी. ती आहे फोर्डची मॉडेल टी. १९०८ ते १९२७ या काळात अशा सुमारे दीड कोटी गाड्या बनल्या. साध्या अमेरिकन कुटुंबाला परवडणारी ही पहिली मोटार. चित्रपट आला तेव्हा ती बनणे बंद होऊन दोन वर्षे झाली होती, म्हणजे यांची गाडी जुनीच समजायची. सगळे आत बसतात. शेजारी हात हलवतात. "गुड बाय! गुड बाय!" गाडी हलते न हलते तोच पंक्चर. सगळे खाली. चाक बदलले, सगळे वर. पुन्हा "गुड बाय!" पुन्हा काही तरी. पुन्हा सगळे खाली. काकाचा पाय पुन्हा उचलायचा, पुन्हा ठेवायचा. आणि दर वेळचे ते "गुड बाय" तितकेच मोठे, तितकेच उत्साहाचे. आमची मुले तिसऱ्या वेळेपासून टीव्हीसोबत "गुड बाय" ओरडू लागली. त्यात धाकटी मध्येच "खुदा हाफिज, खाला!" ओरडली आणि आम्ही सगळे फुटलो, कारण आमच्या दारातले चित्र तंतोतंत तेच असते.

एक प्रसंग तर शब्दांच्या खेळाचा आहे. गाडी सुरू करताना हार्डी रड्याला क्लच दाबून सोडवायला सांगतो. इंग्रजीत त्या काळी ते ज्या शब्दांत सांगत, त्यांचा शब्दशः अर्थ होतो, "क्लच बाहेर फेक." रड्या आज्ञाधारक आहे. तो क्लच उपटतो आणि खरोखर बाहेर फेकून देतो. पुढे तोच लोखंडी तुकडा रड्याच्या डोक्यात बसतो आणि घंटेसारखा टण्ण आवाज होतो. आज हे जुने वाटेल. पण तेव्हा पडद्यातून आवाज येणे हीच नवलाई होती. मार बसल्यावर माणसाच्या डोक्यातून घंटेचा आवाज काढायचा, ही कल्पना त्या वर्षी ताजी होती.

या प्रसंगावर आम्ही खूप हसलो. नंतर मला वाटले, रड्याची चूक ती काय? त्याला सांगितले तेच त्याने केले. आपल्या मनात एक असते, तोंडातून दुसरेच जाते, समोरचा तिसरेच ऐकतो आणि डोक्यात क्लच मात्र त्याच्याच बसतो. "ते वरचं खाली ठेव" असे आपण मुलाला सांगतो. 'ते' म्हणजे काय, हे फक्त आपल्यालाच ठाऊक असते.

यानंतर शेजाऱ्याशी भांडण जुंपते. गाडीपाशी चाललेल्या धुसफुशीत एका शेजाऱ्याची खिडकी फुटते. शेजारी बाहेर येतो. ओरडत नाही, शिव्या देत नाही. शांतपणे बदला म्हणून गाडीची काच फोडतो. मग इकडून वीट. मग तिकडून वीट. एकाची पाळी, मग दुसऱ्याची. दुसरा आपली पाळी येईपर्यंत थांबतो, जणू कॅरमचा डाव चालला आहे. ही या जोडीची खास ओळख होती. त्याच वर्षीच्या 'बिग बिझनेस' या मूकपटात तर ते एका गृहस्थाचे घर मोडतात आणि तो त्यांची गाडी मोडतो. भांडण एका नाताळच्या झाडावरून सुरू झालेले असते. शेवटी ना घर शिल्लक, ना गाडी.

हसता हसता एक गोष्ट ध्यानात येते. त्यात कुणीच स्वतःला भांडखोर समजत नाही. प्रत्येकाला वाटते, मी फक्त बरोबरी करतोय. त्याने एक फोडली, मी एक फोडली, हिशोब चुकता. पण हिशोब कधीच चुकता होत नाही, कारण शेवटची वीट कुणाची यावर दोघांचे एकमत होत नाही. भावाभावांत, जावाजावांत वर्षानुवर्षे जे चालते ते याहून वेगळे नसते. "तिने माझ्या मुलीच्या लग्नात अमुक केले, म्हणून मी तिच्या मुलाच्या हकीकाला गेले नाही." फक्त तिथे विटा दिसत नाहीत.

आता पाहा हे युद्ध थांबते कसे. रस्त्याने पाद्री येताना दिसतात. रविवार हा ख्रिस्ती लोकांचा प्रार्थनेचा दिवस. त्या दिवशी विटा फेकताना पाद्रींनी पाहिले तर काय म्हणतील? क्षणात रणांगण ओस. विटा हातातून गळतात आणि सगळे धावत घरात शिरून लपतात. पाद्री निघून गेल्यावर हळूच बाहेर.

या दृश्यावर अब्बा पोट धरून हसले. म्हणाले, "आपल्याकडे मौलाना दिसले की असंच होतं." आणि खरेच आहे. ज्याला सगळे दिसते, तो तर विटा फेकतानाही पाहत होता. त्याची लाज वाटली नाही. रस्त्याने जाणाऱ्या एका माणसाची वाटली. चित्रपट यावर काही बोलत नाही, उपदेश करत नाही. नुसते लपणारे चेहरे दाखवतो. मला वाटते म्हणूनच ते आरपार जाते.

शेवट दोन वाक्यांत सांगते. गाडी अखेर सुरू होते. सगळ्यांचे चेहरे फुलतात, शेवटचे दणदणीत "गुड बाय" होते, गाडी वळते आणि जवळच साचलेल्या डबक्यात शिरते. उथळ वाटणारे ते डबके खोल निघते आणि सगळी मंडळी गळ्यापर्यंत बुडतात. संपले. सहलीचे ठिकाण शेवटपर्यंत दिसतच नाही.

मुले टाळ्या वाजवत होती. पुन्हा लावा, पुन्हा लावा असा गोंगाट. आणि अब्बा डोळे पुसत म्हणाले, "तो लंगडा काका म्हणजे मीच."

आम्ही हसलो. ते हसत नव्हते.

आमच्या अब्बांना साखरेचा त्रास आहे. उजव्या पायाला जखम झाली होती, ती भरायला सहा महिने लागले. त्याआधी ते दर वर्षी आमच्याबरोबर गावी यायचे. त्यांचे बालपण कोकणातल्या खाडीकाठच्या एका गावात गेले. आई-वडिलांच्या कबरी तिथेच आहेत. पण गेली तीन वर्षे ते यायला नाही म्हणत होते. आम्ही आग्रह करायचो, ते म्हणायचे, "तुम्ही जा. मला घरीच बरं वाटतं." आग्रह वाढला की चिडायचे. आम्ही आपापसांत म्हणायचो, वय झाले, स्वभाव हट्टी झाला. दुसऱ्या वर्षी आम्ही त्यांना जवळजवळ जबरदस्तीने गाडीत बसवले होते. तो प्रवास कुणालाच सुखाचा झाला नाही. ते रस्ताभर गप्प होते, पाणी प्यायले नाहीत, जेवले नाहीत. मला राग आला होता. पहाटे उठून मी त्यांच्यासाठी बिनतेलाचे वेगळे जेवण केले होते आणि त्यांनी डबा उघडला नाही. परत आल्यावर मी ते जावेला बोलूनही दाखवले.

त्या दुपारी ते आपणहून बोलले. म्हणाले, "त्या काकाला कुणी विचारलं का, बाबा, तुला यायचंय का? यायचं असेल तर कसं बसवू? सगळे त्याला उचलतात, ठेवतात, उचलतात, ठेवतात. सामान आहे तो." मग थोडे थांबून, मुलांकडे न बघता म्हणाले, "मला दर तासाला लघवीला जावं लागतं. सहा जणांची गाडी मी दर तासाला थांबवू? रस्त्यात कुठे जागा नसते. म्हणून मी पाणी पीत नाही. पाणी न पिता साखरेची गोळी घेऊन जेवलो तर चक्कर येते. म्हणून जेवत नाही. हे सगळं सुनांसमोर सांगू?"

तीन वर्षे. तीन वर्षे आम्ही ज्याला हट्ट म्हणत होतो, ती एका भिडस्त माणसाची शरम होती. आणि मी मात्र उघडला न गेलेला डबा धरून बसले होते. माझीही ती एक वीटच होती.

मला त्यांना काय उत्तर द्यावे ते सुचले नाही. ह्यांनीच विषय हलका केला. म्हणाले, "अब्बा, मलाही आता दर दोन तासांना जावं लागतं. आपण दोघं मिळून गाडी थांबवू." अब्बा हसले. मुलांना यातले काही कळले नाही. त्यांचे "गुड बाय" चालूच होते.

बकरी ईदनंतर आम्ही गावी गेलो. अब्बा पुढच्या सीटवर बसले, सीट शेवटपर्यंत मागे सरकवून, पायाखाली उशी घेऊन. निघण्याआधी ह्यांनी वाटेतले पेट्रोल पंप आणि बऱ्या हॉटेलांची यादी कागदावर लिहिली होती. दर तासाला गाडी थांबायची आणि आधी हे उतरायचे, मग अब्बा. चार तासांच्या रस्त्याला सात तास लागले. घाटात पाऊस लागला, धाकटीला उलटी झाली, वांग्याचे भरीत सांडले आणि त्याचा वास गाडीतून आठवडाभर गेला नाही. मनासारखा दिवस म्हणावा असे त्यात काही नव्हते. पण अब्बांनी वाटेत दोन वेळा जेवण केले. संध्याकाळी ते नातवाच्या खांद्यावर हात ठेवून कबरस्तानात गेले आणि बराच वेळ तिथे उभे राहिले.

हे सांगताना याच जोडीचा आणखी एक लघुपट आठवतो. १९३१ चा 'बी बिग'. त्यातही सुट्टी फसते, पण फसण्याचे कारण वेगळे आहे. दोघे बायकांना घेऊन अटलांटिक सिटीला निघालेले असतात. समुद्रकिनाऱ्यावरचे ते मौजेचे शहर. तेवढ्यात क्लबातून फोन येतो, आज रात्री मेजवानी आहे. हार्डी लगेच आजारी पडतो. बायकांना म्हणतो, तुम्ही पुढे व्हा, स्टॅन माझी काळजी घेईल, आम्ही उद्या येतो. त्या बिचाऱ्या जातात. मग हे दोघे क्लबाचा पोशाख चढवू लागतात आणि घोटाळा होतो. हार्डीच्या पायात रड्याचे लहान बूट जातात. ते बूट काढण्याच्या झटापटीतच बाकीचा चित्रपट सरतो. इकडे बायकांची गाडी चुकते आणि त्या घरी परततात. मेजवानी नाही, समुद्र नाही, हाती फक्त फजिती.

हे दोन्ही एकापाठोपाठ पाहिले तर फरक कळतो. पहिल्यात गाडी बिघडते, ते कुणाच्या हातात नाही. दुसऱ्यात माणूस खोटे बोलतो. पहिल्या कुटुंबाचे हाल पाहून आपण हसतो, पण त्यांच्याबद्दल माया वाटते. गळ्यापर्यंत बुडाले तरी ते सगळे एकाच गाडीत असतात. दुसऱ्यात बूट निघाला तरी पुढे काय, असा प्रश्न मागे उरतो. पंक्चर काढता येते. खोटे बोलून एकट्याने साधलेली मौज मात्र पायातल्या आखूड बुटासारखी असते. घालताना घातली जाते, काढताना जीव जातो.

मुलांना दाखवायला हे चित्रपट कसे आहेत, असे काही बहिणी विचारतील. यात अर्ध्यावर खोलीतून उठून जावे असे काही नाही. मारामारी आहे, पण ती सर्कशीतल्या विदूषकांची. लहान मुलांना एवढे मात्र सांगून ठेवा, की क्लच डोक्यात मारायचा नसतो. भाषेची अडचण फारशी येत नाही, कारण निम्मे काम चेहरेच करतात. माझे एकच सांगणे आहे. मुलांना एकटे बसवून बघायला लावू नका. सगळे मिळून बघा, घरातल्या मोठ्यांना बोलावून बघा. कुणाला कुठे हसू येते आणि कोण कुठे गप्प होते, याकडे लक्ष असू द्या. घरातली एखादी न बोललेली गोष्ट तिथे सापडते.

आता सुट्ट्या येताहेत. तुमच्याही घरात बेत शिजत असतील. आम्ही आमच्या चुकांतून जे शिकलो, ते थोडक्यात देते.

एक. बेत ठरवताना घरातल्या प्रत्येकाला विचारा, आणि मोठ्यांना सगळ्यांसमोर विचारू नका. एकटे असताना, शक्यतो मुलाने बापाला आणि मुलीने किंवा सुनेने आईला विचारा. "का नाही येत?" असे विचारले की भांडण होते. "यायचं झालं तर काय सोय लागेल?" असे विचारले की उत्तर मिळते.

दोन. लघवीला थांबणे ही लाजेची गोष्ट नाही, हे घरातल्या धडधाकट माणसाने स्वतः आधी थांबून दाखवावे. साखर असलेल्यांनी प्रवासात पाणी आणि जेवण चुकवणे धोक्याचे असते. गोळ्यांच्या वेळा आधीच डॉक्टरांना विचारून घ्या.

तीन. आदल्या रात्री कामे वाटा. डबा एकीचा, सामान दुसऱ्याचे, गॅस आणि कुलूप तिसऱ्याचे. स्वयंपाकात पुरुषांनी हात लावला तर सँडविच सांडतीलही. सांडू देत.

चार. निघताना सगळ्यांनी मिळून एक करार करा. गाडी बंद पडली, रस्ता चुकला, हॉटेल भरलेले निघाले, काहीही झाले तरी "मी सांगितलं होतं" हे वाक्य त्या दिवशी कुणी बोलायचे नाही. आमच्या गाडीत जो बोलेल त्याने सगळ्यांना कुल्फी द्यायची असते. गेल्या वेळी ती मीच दिली.

पाच. पोहोचता आले नाही, तर जिथे असाल तिथे चटई टाका आणि डबा उघडा. मुलांना मोठेपणी तेच आठवते.

अब्बांनी परवा तो चित्रपट पुन्हा लावायला सांगितला. गाडी डबक्यात बुडाली तेव्हा ते म्हणाले, "काकाचा पाय बघ, शेवटी थंड पाण्यात गेला. त्याला तेवढंच बरं वाटलं असेल."

खुदा हाफिज. आणि हो, निघण्याआधी गॅस बघून घ्या.